हक्कसोडपत्र आणि सहाव्या अध्यायातलं आठवं वचन

हे प्रकरण आम्हा ख्रिस्ती बायकांच्या गुरुवारच्या प्रार्थनेच्या बैठकीतलं आहे. त्यात माझी स्वतःची एक मोठी चूक आहे, म्हणूनही ते नीट लिहून ठेवावंसं वाटलं. ज्या दोघींभोवती ते फिरतं, त्या दोघींनी मजकूर वाचून होकार दिला आहे. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत आणि नाव कुणाचंच घेतलेलं नाही. बैठकीत सगळ्या जिला ताई म्हणतात तिला ताई, आणि तिच्या थोरल्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणते.

पार्श्वभूमी

आम्ही अकरा जणी. विश्रांतवाडी, येरवडा, खडकी या पट्ट्यात राहणाऱ्या. बहुतेकींची घरं मूळची नगर, राहुरी, जालना भागातली. कुणाचे आजोबा, कुणाचे वडील खडकीच्या संरक्षण कारखान्यांत किंवा मिशनच्या शाळा-दवाखान्यांत नोकरीला लागले आणि पुण्याचे झाले. दर गुरुवारी दुपारी चारला एकीच्या घरी जमतो. आधी गीत, बहुधा ना. वा. टिळकांचं, मग प्रार्थनेचे विषय, मग वचन, मग चहा. चहाला पाऊण तास जातो आणि मनातलं बोलणं खरं तर तिथंच निघतं. वचनाची तयारी करून आणायचं काम गेली सात वर्षं माझ्याकडे आहे.

आमच्यात सगळ्यांत वडील आजी. वय अठ्ठ्याहत्तर, लहानपणी केडगावला शिकलेल्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्र मराठीत आणलं, १९२२ मध्ये निधनाआधी ते काम पुरं केलं, आणि त्याची छपाई तिथल्याच त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच केली, हे आजी इतक्या वेळा सांगतात की आम्हाला तोंडपाठ झालंय. ज्यांना घरच्यांनी टाकून दिलं होतं त्या बायका वचनाचे खिळे जुळवत होत्या, हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी भरून येतो. त्यांचा दंडक एकच: वचन वाचायचं तर अख्खा अध्याय वाचायचा, मधली एक ओळ उचलून आणायची नाही.

ताई चोपन्न वर्षांची, विधवा, एका खाजगी दवाखान्यात नर्स. मुलगी लग्न होऊन नाशिकला. ताई भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. तिला एक थोरला भाऊ, त्याला सगळे दादा म्हणतात, आणि एक धाकटा. आई आधीच गेली होती. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या जागेवर बांधलेलं घर: खाली तीन खोल्या, वर एक, पुढे पेरूचं झाड. शेवटची सहा वर्षं ते अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळून होते. त्यांचं सगळं वहिनीनं केलं. सगळं म्हणजे सगळं: अंघोळ, जेवण भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन. ताई रात्रपाळी करून आठवड्यातून एकदा यायची. धाकटा सणाला यायचा.

वडील मृत्युपत्र न करता गेले.

काय घडलं

वडिलांच्या माघारी दीडेक वर्षानं आजूबाजूच्या तीन घरांसह ती जागा विकसनाला द्यायचा विषय निघाला. बिल्डरच्या माणसानं सांगितलं, कागद साफ हवेत, वारसांची भानगड नको. त्यावर दोन्ही भावांनी ठरवलं की ताईनं हक्कसोडपत्र करून द्यावं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला दुसरा गुरुवार होता. प्रार्थनेचे विषय सांगताना ताई एवढंच म्हणाली, "माझ्या मनात कडवटपणा येऊ नये म्हणून प्रार्थना करा." वहिनी तिच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिनं मान वर केली नाही. आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला, पांगलो. ताई मात्र दारात चपला घालताना रेंगाळली. पर्समधून तिनं दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. हक्कसोडपत्राचा मसुदा. तिसऱ्या पानावर एका वाक्याखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती: 'सदरचा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय व कोणताही मोबदला न घेता कायमचा सोडून देत आहे.' खाली दुय्यम निबंधक कार्यालयात जायची तारीख होती, येणारा सोमवार.

"स्वखुशीनं," ती म्हणाली. "हे मी वाचायचं आणि खाली सही करायची."

नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ, मंडळीत म्हणजे आमच्या चर्चमध्ये मान असलेले, आदल्या रविवारी तिच्या घरी येऊन गेले होते. त्यांनी पवित्र शास्त्रातल्या, पौलानं करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडला आणि सातवं वचन वाचलं. भावाभावांनी एकमेकांवर फिर्याद करणं हीच तुमची हार आहे; त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही, नाडले का जात नाही, असं पौल विचारतो ते वचन. वाचून पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "बाळ, प्रभूनं अंगरखाही देऊन टाकायला सांगितलंय. तू तर फक्त सही करायची आहेस."

ताईची भीती पैशाची नव्हतीच. तिला भीती माहेराची होती. "सही नाही केली तर नाताळला जायचं कुठं?" नवरा गेल्यापासून दर नाताळला ती त्या घरी जाते, चोवीस तारखेला वहिनीबरोबर करंज्या करते, मध्यरात्रीच्या उपासनेला तिथूनच निघते. तिच्यालेखी त्या घराचा हिस्सा म्हणजे एवढंच होतं आणि तोच जाणार असं तिला वाटत होतं. आपल्याकडे बहिणीच्या सहीमागे बहुतेक वेळा हीच भीती असते, मग ती बहीण कोणत्याही धर्माची असो. आमच्याकडे तिला वर वचनाचं पांघरूण मिळतं, एवढाच फरक.

कोणते मार्ग होते

त्या संध्याकाळी दारात उभ्या-उभ्या मी तिला एकच सांगितलं: सोमवारी जाऊ नका, तारीख पुढे ढकला. त्यासाठी भांडायची गरज नव्हती. तिनं दादाला फोन करून म्हटलं, "पुनरुत्थानाचा सण होऊ दे, मग बघू." दादा कुरकुरला, पण मानला. संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात छोटा निर्णय होता आणि आज मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार अवघड असतं; फसवणूक किंवा दबाव कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि कागदावर तर 'स्वखुशीने' लिहिलेलं असतं.

पुढे काय करायचं यावर मी चार दिवस विचार करत होते. गप्प राहून प्रार्थना करत राहणं हा एक मार्ग होता, आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण ताईला सही करायला सांगणारे लोकही प्रार्थनाच करत होते. चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाता आलं असतं; ते समंजस आहेत, पण त्यांच्या कानावर विषय गेला की पंच कमिटीपर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि ताईला ते नको होतं. वकिलाकडे जाणं ताईला पाप वाटत होतं. सरळ वहिनीशी बोलणं हा चौथा मार्ग. तो मी टाळला, कारण मला भीती वाटली. वहिनी माझी जुनी मैत्रीण. तिच्याशी वाईटपणा येईल या भीतीनं मी तिच्याकडे गेले नाही, आणि त्यामुळे पुढे जे झालं त्यात वाईटपणाच आला.

माझी चूक

मी पाचवा मार्ग काढला. विषय बैठकीत आणायचा, पण कुणाचं नाव न घेता. पुढच्या गुरुवारी मी गणना पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढला: सलाफहादाच्या पाच मुली. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात मेला, मुलगा नाही, म्हणून त्या मोशेसमोर, याजकासमोर आणि साऱ्या मंडळीसमोर दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहून वतन मागतात. मोशे स्वतः निकाल देत नाही, त्यांचं प्रकरण परमेश्वरापुढे नेतो, आणि उत्तर येतं की या मुली रास्त बोलतात.

मला वाटलं होतं, मी फार खुबीनं केलंय. खोलीत पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलं होतं मी कुणाबद्दल बोलते आहे ते. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. एक शिक्षिका उत्साहानं म्हणाली की आता २००५ च्या कायद्यानं मुलींना हक्क मिळालाच आहे. आणि वहिनी शांतपणे म्हणाली, "त्या मुलींना भाऊ नव्हता. वचन नीट वाच. भाऊ असता तर त्यांना काही मिळालं नसतं."

ती बरोबर होती. त्या अध्यायात मुलींना वतन मिळतं ते मुलगा नसेल तरच. मी तो भाग भरकन वाचून पुढे गेले होते. ताईला सातवं वचन ऐकवणाऱ्या गृहस्थांनी जे केलं, तेच मी दुसऱ्या बाजूनं केलं होतं.

मग वहिनी उभी राहिली. तिचा कप अजून भरलेला होता. "सहा वर्षं मामंजींचं बेडपॅन मी उचललं," ती म्हणाली. "तेव्हा या खोलीत कुणी माझ्यासाठी अध्याय काढला नाही." आणि ती गेली.

त्यानंतर चार महिने ती बैठकीला आली नाही. त्याच रात्री धाकट्या भावानं ताईला फोन करून मंडळीत आमची अब्रू घालवलीस म्हणून सुनावलं. ताईनं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तिच्या वतीनं मी बोलले होते, तिला न विचारता, आणि त्याची किंमत तिनं मोजली.

आजींनी काढलेलं वचन

वहिनी गेल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. आजी चष्मा लावून पानं चाळत होत्या. मग त्यांनी ईयोबाचा शेवटचा अध्याय काढून माझ्याकडे सरकवला. बेचाळीसावा अध्याय, पंधरावं वचन. ईयोबाला सगळं परत मिळतं, सात मुलगे आणि तीन मुली होतात, आणि तिथं लिहिलं आहे की बापानं त्या मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. मुलींची नावं दिली आहेत, मुलग्यांची नाहीत. मी ईयोब किमान दहा वेळा वाचला असेन. ते वचन माझ्या डोळ्यांखालून गेलं होतं, डोळ्यांत नाही.

"भाऊ असताना," आजी म्हणाल्या. "कुणी मागितलेलं नसताना. बापानं आपण होऊन." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पण हे आज वाचायचं नव्हतं. आणि आता रूथ वाच. सून म्हणून."

आम्ही रूथचे चारही अध्याय वाचले. सासूला न सोडणारी सून, आणि शेवटी गावच्या बाया त्या सासूला, नामीला म्हणतात की ही तुला सात मुलांपेक्षा अधिक आहे. वहिनीची खुर्ची रिकामी होती. ती असताना आम्ही हे कधी का वाचलं नाही, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर करिंथकरांस पत्राचा तो सहावा अध्याय आम्ही पहिल्या वचनापासून वाचला. गृहस्थांनी सातव्या वचनावर पुस्तक मिटलं होतं. आठवं वचन लगेच खाली आहे. त्यात पौल म्हणतो की उलट तुम्हीच अन्याय करता आणि नाडता, आणि तेही आपल्या भावांना. म्हणजे सोसून घ्या हे सांगणाऱ्या त्याच श्वासात नाडणाऱ्यालाही सुनावलंय. आणि पाचव्या वचनात तो विचारतो की भावाभावांत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का. पौलाचा रोष तंटा घराबाहेर नेण्यावर आहे, आणि घरात तो रास्तपणे मिटवायला कुणी नाही यावरही तेवढाच आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याचा हिस्सा आहे त्याला आठवं वचन वाचून दाखवायचं सोडून ज्याचा हिस्सा जातोय त्याला सातवं वाचून दाखवलं, तर वचनाचं तोंडच फिरतं.

काय केलं

पहिलं काम वहिनीकडे जाणं. मी एकटी गेले, शनिवारी सकाळी. ती मेथी निवडत होती. मी क्षमा मागितली, कारणं न देता. ती बराच वेळ गप्प होती, मग तिनं अर्धी जुडी माझ्यापुढे ढकलली. तासाभरानं ती बोलायला लागली. तिचा राग ताईवर नव्हता. "वन्संना हिस्सा मिळाला तर मला वाईट वाटणार नाही. पण तिघांत वाटणी होईल, त्या तिघांत मी कुठंय? मी त्या घरात कोण होते, मोलकरीण?" हे तिनं नवऱ्यालाही कधी म्हटलं नव्हतं. हक्कसोडपत्रासाठी तिचा आग्रह होता तो एवढ्यासाठी की घर दादाकडे आलं तर निदान तिच्या छपराखाली तरी राहील.

दुसरं, ताई कायद्याची माहिती घ्यायला तयार झाली. मी तिला म्हटलं, फिर्याद करणं वेगळं आणि आपलं काय आहे ते जाणून घेणं वेगळं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. आम्ही शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात गेलो. तिथल्या वकीलबाईंनी एका पाठकोऱ्या कागदावर तीन उभ्या रेघा मारल्या.

त्यांनी जे सांगितलं ते आमच्यातल्या निम्म्या जणींना माहीत नव्हतं, म्हणून इथं लिहिते. २००५ ची सुधारणा हिंदू उत्तराधिकार कायद्यातली आहे. ती ख्रिस्ती कुटुंबांना लागू नाही. आपल्याला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागतो, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेदच नाही. मृत्युपत्र नसेल आणि विधवा पत्नी मागे असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशात सगळी मुलं सारखी. आई हयात नसेल तर सगळंच मुलांत सारखं. म्हणजे इथं तीन रेघा, तीन समान हिस्से. जन्मतः हक्क वगैरे आपल्यात नसतो; बापानं हयातीत मृत्युपत्र करून सगळं एकालाच दिलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी दिलं नाही. मालमत्ता कराची पावती दादाच्या नावानं येते, पण पावती म्हणजे मालकी नव्हे. केरळातल्या मेरी रॉय यांच्या खटल्याचा १९८६ चा निकाल त्यांनी सांगितला. तिथं जुन्या त्रावणकोर कायद्यानं ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल तेवढंच मिळायचं. सर्वोच्च न्यायालयानं तिथंही १९२५ चाच कायदा लागू असल्याचं ठरवलं. "तुम्हाला पुण्यात तो प्रश्न कधी नव्हताच," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कायदा होता, फक्त कुणी वाचून दाखवला नाही."

मी वहिनीबद्दल विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. सुनेला कायद्यानं यात काही नाही. सेवेचं मोल वारसाहक्कात धरलं जात नाही. तिला काही द्यायचं तर वारसांनी आपण होऊन द्यायचं.

परतताना बसमध्ये ताई बराच वेळ बोलली नाही. येरवड्याला पूल ओलांडताना ती म्हणाली, "योहानात प्रभू म्हणतो ना, माझा प्राण माझ्यापासून कुणी घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. दहावा अध्याय. माझ्याकडून घेतायत, आणि कागदावर लिहितायत की मी दिला. आधी माझ्या हातात येऊ दे. मग काय सोडायचं ते मी सोडेन." मी त्यावर काहीही जोडलं नाही. सात वर्षं वचनाची तयारी करून मला जे सांगता आलं नव्हतं ते तिनं बसच्या दांड्याला धरून उभं राहून सांगितलं होतं.

तिसरं, पाळकसाहेबांकडे आता ताई स्वतः गेली, आणि तिच्या आधी वहिनीही एकदा जाऊन आली होती, हे आम्हाला नंतर कळलं. पाळकसाहेबांनी निवाडा करायला नकार दिला. लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, आणि प्रभू म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं. ते त्यांनी आठवलं. पण त्यांनी आपल्या घरी सगळ्यांना बसवलं. तीन भावंडं, दोन्ही सुना, पाळकीणबाई आणि दोन्ही बाजूंचा विश्वास असलेले एक निवृत्त मुख्याध्यापक. मी गेले नाही. मला बोलावलं होतं, पण माझं तिथं काम नव्हतं. तिथलं जे लिहिते आहे ते ताईनं आणि वहिनीनं वेगवेगळं सांगितलेलं.

पाळकसाहेबांनी आधी सहावा अध्याय पहिल्या वचनापासून अकराव्यापर्यंत वाचला आणि काहीच बोलले नाहीत. मग मुख्याध्यापकांनी प्रत्येकाला विचारलं की या घराबद्दल तुम्हाला कशाची भीती वाटते. किती पैसे हवेत ते विचारलं नाही. दादा म्हणाला, व्यवहार मोडेल. धाकटा म्हणाला, आपलं कर्ज फिटणार नाही. कर्ज आहे हेच इतरांना तेव्हा कळलं. ताई म्हणाली, नाताळ. वहिनी रडली आणि मग बोलली. दादानं बायकोकडे असं पाहिलं, ताई सांगत होती, की जणू ती पहिल्यांदाच त्या खोलीत आली आहे.

निष्पत्ती

एका बैठकीत मिटलं नाही. तीन बैठका लागल्या, पावसाळा सुरू झाला. शेवटी असं ठरलं: हक्कसोडपत्र होणार नाही. विकसन करारावर तिघांची नावं वारस म्हणून येतील. आणि वाटणीआधी तिघांच्या हिश्श्यातून सारखी रक्कम काढून ती वहिनीच्या एकटीच्या नावानं मुदतठेवीत राहील. ही शेवटची गोष्ट ताईनं सुचवली. ती तिला कुणी सुचवली नव्हती, हे मी खात्रीनं सांगू शकते.

हे लिहिताना सगळं छान झालं असं वाटायला नको. धाकट्यानं सही केली, पण मनापासून नाही. त्या वर्षी नाताळला तो आला नाही आणि ताईच्या फोनला अजून एका शब्दात उत्तर देतो. विकसनाचं काम शेजारच्या एका घराच्या वादामुळे अडलं आहे, त्यामुळे कुणाच्याच हातात अजून पैसा नाही. सातवं वचन ऐकवणारे गृहस्थ माझ्याशी बोलत नाहीत. वहिनी चार महिन्यांनी बैठकीला परत आली, पण वर्षभर तिनं प्रार्थनेचा एकही विषय सांगितला नाही. तिचं गप्प राहणं माझ्यामुळे होतं आणि ते मला दर गुरुवारी दिसत होतं.

चोवीस डिसेंबरला करंज्या झाल्या. ताई सारण भरत होती, वहिनी कातत होती.

आता पुन्हा अशी वेळ आली तर

सगळ्यात आधी, मी विचारेन. ताईला विचारलं असतं की हा विषय बैठकीत काढू का, तर ती नाही म्हणाली असती आणि तिथंच थांबता आलं असतं. नाव न घेता बोलल्यानं गुप्तता राहते हा माझा भ्रम होता. अकरा जणींच्या खोलीत नाव न घेतलेलंच सगळ्यांत मोठ्यानं ऐकू येतं. आता आमच्यात ठरलं आहे की जिचा विषय आहे तिनं सांगितल्याशिवाय त्याला लागून असलेलं वचन त्या महिन्यात काढायचं नाही.

दोन्ही बाजूंच्या बायका एकाच खोलीत असतील तर आधी दोघींकडे जायचं, आणि जिच्याकडे जायची भीती वाटते तिच्याकडे पहिल्यांदा. मी शनिवारी मेथी निवडायला गेले तीच गोष्ट दोन आठवडे आधी केली असती, तर बहुधा वहिनी उठून गेली नसती.

आणखी एक गोष्ट जरा अवघड आहे. सहा वर्षं वहिनी म्हाताऱ्या माणसाचं करत होती आणि आम्ही दर गुरुवारी 'वहिनीला शक्ती दे' म्हणून प्रार्थना करत होतो. दुपारी दोन तास कुणी जाऊन बसावं, तिला झोपू द्यावं, हे अकरा जणींतून एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही. तो कडवटपणा घराच्या वाटणीतून आला नव्हता, त्याच्या कितीतरी आधीपासून साचत होता. आता आमच्यातल्या एकीची सासू अंथरुणाला आहे. तिथं वहीत पाळ्या लावल्या आहेत, आणि बुधवारची पाळी वहिनीनं मागून घेतली.

बापानं मृत्युपत्र केलं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं, म्हणून गेल्या फेब्रुवारीत त्याच वकीलबाईंना आम्ही बैठकीला बोलावलं. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार हवेत. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: आपल्या कायद्यात साक्षीदार म्हणून जो सही करतो, त्याला किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला त्या मृत्युपत्रानं दिलेलं काहीही रद्द ठरतं. म्हणजे जिनं सेवा केली त्या सुनेला काही ठेवायचं असेल तर तिची किंवा तिच्या नवऱ्याची साक्ष घ्यायची नाही. दोन बाहेरची माणसं बोलवायची. मृत्युपत्र केल्यावर ते करणाऱ्याचं लग्न झालं तर ते आपोआप रद्द होतं, हेही बऱ्याच जणींना नवीन होतं.

आजींनी त्या दिवशीच कागद मागितला. त्यांना दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांचं करणारी धाकटी सून. चार नावं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली, आणि साक्षीला कोण येणार म्हणून खोलीत पाहिलं. ताई आणि वहिनी दोघीही उठल्या.